मनोहररावांची गोपिका

सिनेमाला जायच्या दिवशी मनोहररावांनी सकाळभर वाडीत मिरच्या तोडल्या होत्या. हात साबणाने दोनदा धुतले होते. पण मिरची साबणाला जुमानत नाही, हे तीस वर्षं मिरची लावणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

देवळीहून वर्ध्याला तिघं गेले. मनोहरराव, त्यांच्या पत्नी उज्वलाबाई आणि हरिदास. हरिदास हा मनोहररावांचा पहिलीपासूनचा मित्र. दोघांच्या भाजीच्या वाड्याही एकाच धुऱ्यावर, बांधाला बांध लागून. हरिदासची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती आणि मुलगा नागपूरला होता. त्या मुलानेच मोबाइलवर तिकिटं काढून दिली होती, म्हणून जाणं भाग होतं.

सिनेमा दोन मित्रांचा होता. दोघांचं एकाच मुलीवर प्रेम, आणि दोघंही एकमेकांना सांगत नाहीत. मुलगी निघून जाते. म्हातारपणी ती शोधत परत येते, तेव्हा जो तिच्यासाठी जन्मभर थांबला, त्याची नेमकी तेरवी चाललेली असते. मुलगी निघून जाते त्या प्रसंगाला मनोहररावांच्या उजव्या डोळ्याला खाज सुटली. त्यांनी डोळा चोळला. मग बरं वाटावं म्हणून डावाही चोळला. तिथून सिनेमा संपेपर्यंत त्यांच्या दोन्ही डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि नाक वाहत होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून त्यांना पाण्याची बाटली दिली.

उज्वलाबाईंनी हे सगळं पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस बाप गेला तेव्हा रडला नव्हता, गारपिटीने वांग्याचं वावर झोपवलं तेव्हा रडला नव्हता. पलीकडच्या खुर्चीवर हरिदास पडद्याकडे बघत दगडासारखा बसला होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये सावंगी येईपर्यंत उज्वलाबाई तिकिटाच्या घड्या घालत होत्या. मग खिडकीबाहेर बघतच त्यांनी विचारलं, "कोन होती?"

मनोहररावांनी मिरचीची हकीकत सांगितली. ती खरी होती, हाच तिचा दोष. उज्वलाबाई पुढचे तीन दिवस बोलल्या नाहीत. चहा मिळे, पण कप असा आपटून ठेवला जाई, की निम्मा बशीत आणि उरलेला ओट्यावर.

चौथ्या दिवशी मनोहररावांनी धुऱ्यावर बसून हरिदासचा सल्ला घेतला. हरिदासचं म्हणणं पडलं, की खरं सांगून बाईचं समाधान होत नसतं. तिला एक नाव हवं असतं. ते मिळालं, की ती आपोआप थंड होते. मनोहररावांपुढे अडचण अशी, की त्यांच्याकडे नावच नव्हतं.

"गोपिका," हरिदास म्हणाला. त्याला आठवायलाही वेळ लागला नाही. "आपल्या वर्गात होती. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होता. दहावी झाली अन् सिंदीले गेले ते लोक. आता कोनाले पत्ता आहे?"

मनोहररावांना वर्गात मुली होत्या एवढंच अंधुक आठवत होतं. पण संध्याकाळी त्यांनी मान खाली घालून ते नाव सांगितलं आणि भांडी आदळण्याची वाट बघत बसले. भांडी आदळली नाहीत. उज्वलाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि रात्री पातोडीचा रस्सा केला. हा रस्सा त्या घरात फक्त जावई आले तरच होत असे.

गोष्ट तिथेच मिटली असती. पण दुसऱ्या दिवशी उज्वलाबाईंना पुढचं ऐकायचं होतं. गोपिका दिसायला कशी होती, वेण्या एक घालायची की दोन, हसायची कशी. मनोहररावांनी त्या वयात मुलीच्या वेण्या मोजल्या नव्हत्या. ते पाणी द्यायचं निमित्त करून वाडीत जात, हरिदासला विचारत आणि घरी येऊन सांगत. हरिदासला सगळं पाठ होतं. दोन वेण्या, हिरव्या रिबिनी, डावी नेहमी सुटलेली. भूमितीत हुशार. कैऱ्या मिठाशिवाय खायची. रोज एक हप्ता सांगायचा आणि त्यावर झुणका, भरीत, एकदा तर पुरणपोळी. मनोहररावांचं वजन वाढलं. संसारात एवढं लक्ष देऊन त्यांचं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकलं जात होतं ते नेमकं दुसऱ्याचं.

शेवटचा हप्ता गोपिका गाव सोडून जाते तो होता. हरिदास धुऱ्यावर बसून सांगत होता. वर्ध्याची सकाळची बस. तिच्या बापाने ट्रंक टपावर चढवली. ती मागच्या सीटवर बसली. "बस निघाली तं मी सायकल काढली अन्..." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "तू. तू सायकल काढली."

मनोहरराव त्याच्याकडे बघत राहिले. एका बाकावर दहा वर्षं, एका धुऱ्यावर चाळीस वर्षं. हा माणूस सर्दी झाली तरी सांगायला येत असे.

"मंग मी काय केलं?" मनोहररावांनी हळूच विचारलं.

"सालोडपर्यंत गेला. तिथं सायकलची चेन पडली."

"अन्?"

"अन् काय. चेन बसवली अन् वापस आला. तुले त्या दिवशी भेंडी बाजारात न्यायची होती."

मनोहररावांनी त्या संध्याकाळी सगळं खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण आता ते सांगता येणार नव्हतं. आपण खोटं बोललो म्हटलं, तर ही वेण्यांची, रिबिनींची माहिती आली कुठून, हे उज्वलाबाईंनी विचारलं असतंच. त्यांनी सालोडपर्यंतची हकीकत सांगितली आणि हा विषय संपला असं जाहीर केलं.

"संपला कसा?" उज्वलाबाई म्हणाल्या. "उद्या दुपारी त्या जेवाले येऊन राह्यल्या."

उज्वलाबाईंच्या वहिनीचं माहेर सिंदीचं. दोन फोनमध्ये गोपिकाबाई सापडल्या होत्या. शाळेत मास्तरीण होत्या, आता निवृत्त. यजमान आहेत, नातवंडं आहेत. वर्गातल्या जुन्या माणसांना भेटायला या, म्हटल्याबरोबर तयार झाल्या. उज्वलाबाईंचं म्हणणं सरळ होतं. सिनेमातल्या त्या बाईला यायला उशीर झाला, तसं आपल्या घरी व्हायला नको. माणसाने जे पोटात ठेवलं, ते तेरवीच्या आधी बाहेर पडलेलं बरं.

मनोहरराव धावत हरिदासकडे गेले. हरिदासने फक्त जेवण किती वाजता, एवढं विचारलं.

गोपिकाबाई साडेबाराला आल्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, हातात संत्र्यांची पिशवी. उज्वलाबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि बाजूला सरून दोघांना समोरासमोर जागा करून दिली. गोपिकाबाईंनी मनोहररावांना चांगलं निरखून पाहिलं.

"माफ करजा, पन तुमी कोन?" त्यांनी विचारलं.

मनोहररावांना सुटल्यासारखं झालं. उज्वलाबाईंना मात्र राग आला. आपल्या नवऱ्याने जन्मभर एकीसाठी झुरावं हे त्यांनी आठ दिवसांत पचवलं होतं. पण तिने त्याला ओळखूही नये, हे त्यांना सहन होईना.

"अवो, हे मनोहर," त्या म्हणाल्या. "तुमच्या वर्गातले. तुमच्या बसच्या मागं सायकलनं सालोडपर्यंत गेलते."

"तो तं हरिदास होता," गोपिकाबाई म्हणाल्या.

दारात हरिदास उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात निवडक वांग्यांची टोपली. तो केव्हा आला होता, कोणाला कळलं नाही.

"आमी दोघंही होतो," मनोहरराव घाईने म्हणाले. "डबलसीट. मी मागं बसलतो."

"एकटाच होता," गोपिकाबाई म्हणाल्या. भूमितीतलं प्रमेय सिद्ध केल्यासारखा त्यांचा स्वर होता. "मागच्या काचेतून मी पूर्ण रस्ता पाहून राह्यलती. चेन पडली तं मी कंडक्टरले म्हटलं, गाडी थांबवा. त्यानं नाई थांबवली."

हरिदासने टोपली खाली ठेवली. त्यातली वांगी उगाच सरळ केली. "तू म्हटलं होतं?" त्याने विचारलं.

"दोनदा म्हटलं."

तेवढ्यात उज्वलाबाईंनी पानं वाढली. जेवताना गोपिकाबाईंनी यजमानांच्या गुडघेदुखीबद्दल सांगितलं, हरिदासने मुलाच्या नोकरीबद्दल. दोघं मिळून जुन्या गणिताच्या मास्तरांवर बराच वेळ हसले. हरिदासने तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. चार वाजता तो गोपिकाबाईंना मोटारसायकलवर बसस्टँडवर सोडायला गेला. वेग बैलगाडीचा होता.

उज्वलाबाई दारात उभ्या राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होत्या. मग आत येऊन मनोहररावांसमोर पाटावर बसल्या.

"भाऊजी आले तं काई विचारू नका त्याईले," त्या म्हणाल्या. "आपुन काई पाह्यलं नाई."

मनोहररावांनी मान डोलावली.

"अन् तुमची कोनीच नोती?"

"नाई."

"एकही नाई?"

मनोहररावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. शाळा आठवली, बाजार आठवला, नात्यातली लग्नं आठवली. "नाई," ते म्हणाले.

उज्वलाबाई थोड्या हिरमुसल्या. आठ दिवस त्यांच्या घरात एक झुरणारा माणूस राहत होता, आणि तो जणू गोपिकाबाईंच्याच बसने निघून गेला होता. "म्हंजे मीच एकटी?" त्यांनी विचारलं.

"एकटीच."

त्यांनी त्यावर बराच वेळ विचार केला. "मंग हे पयलेच सांगाले काय झालतं?" त्या म्हणाल्या, आणि खरकटी भांडी उचलून आत गेल्या.