मागच्या दाराचा पोचा

रविवारी सकाळी चहा अर्धा प्यायलेला असताना पोचेसाहेबांनी टीव्हीवर आलेल्या तीन प्रश्नांना लागोपाठ 'हो' म्हटलं आणि पोटच्या पोरीच्या मेहनतीवर पाणी फिरवलं. अर्थात हे त्यांना तेव्हा कळलं नाही. आपण गाडी नीट जपून ठेवली, अशाच समजुतीत त्यांनी उरलेला चहा संपवला आणि दाढी करायला गेले. दाढी करताना त्यांनी चक्क शीळ घातली, म्हणून बायको स्वयंपाकघरातून डोकावून बघून गेली.

पोचे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत त्यांचा जन्म गेला तो ठोकलेल्या गाड्या तपासण्यात. कुठे पोचा पडलाय, कुठला ओरखडा कालचा आणि कुठला मालकाने जुनाच खपवायला काढलाय, हे गाडीभोवती एक फेरी मारून ते सांगत. ऑफिसात कुणीतरी गमतीने पोचेसाहेब म्हटलं आणि ते असं चिकटलं की निवृत्त झाल्यावर गल्लीतला न्हावीसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. आजही कुणाकडे गेले की दारातल्या गाडीला आधी एक फेरी, मग बेल. यजमान खिडकीतून बघत असतात, त्याचं त्यांना काही नाही.

त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली होती. तिचा फोन रोज यायचा, पण आईच्या मोबाइलवर. मायलेकी मनसोक्त बोलायच्या आणि अगदी शेवटी फोन साहेबांच्या हातात यायचा. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. बरं, आईकडे द्या. संपलं. साहेब दिवसभर लेकीला सांगायच्या गोष्टी मनात साठवून ठेवत, आणि फोन कानाला लागला की एक आठवेल तर शपथ. स्वतःहून फोन लावायचं त्यांच्या मनात यायचं, पण ती कामात असेल, उगाच कशाला, असं म्हणून ते मोबाइल परत खिशात टाकत. लेकीची आठवण मात्र कामाची वेळ बघून येत नसे. दुपारी पेपर वाचतानाही ती येऊन बसायची.

लेक जाताना तिचा गेमचा डबा खोलीतच ठेवून गेली होती. तिकडे तिने नवा घेतला, पण खातं दोन्हीकडे तिचं तेच. गेम गाड्यांच्या शर्यतीचा, पण ही पोरगी शर्यत क्वचितच लावायची. ती गाड्या रंगवायची. पट्टे, आकडे, ज्वाळा, काय काय. तिने रंगवलेल्या गाड्या कुठकुठले लोक घेऊन शर्यतीत पळवायचे, म्हणे. साहेब मागे उभे राहून बघत आणि दर वेळी एकच बोलत, "छान आहे, पण एक ओरखडा नाही. ही गाडी कधी रस्त्यावर गेलेलीच दिसत नाही." मग लेक दार लावून घ्यायची.

ती गेल्यावर साहेबांनी एक दिवस तो डबा चालू केला. बंद राहून बिघडायचा, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे त्या खोलीत बसायला त्यांना निमित्त हवं होतं. बसल्या बसल्या ते शिकले. त्या गेममध्ये ब्रश नसतो. गोल, चौकोन, त्रिकोण एवढंच हाताशी. ते दाबायचे, ताणायचे, एकावर एक चढवायचे आणि त्यातून हवं ते चित्र उभं करायचं. साहेबांनी गेममधली एक जुनी छोटी गाडी शोधून काढली, तिला बिस्किटाचा रंग दिला आणि करड्या गोलावर काळा गोल चढवून बंपरवर पहिला पोचा पाडला. पोचा असा काही जमला की त्यांना भरून आलं.

ती त्यांची गाडी होती. लेक परगावी गेली त्याच सुमारास भंगारात निघालेली. त्याच गाडीवर त्यांनी तिला चालवायला शिकवलं होतं. बंपरचा पोचा पाण्याच्या टाकीचा. मागच्या दाराचा फाटकाच्या खांबाचा. बाजूचा आरसा कशाने गेला हे दोघांनी आईला कधीच सांगितलं नाही. तो चिकटपट्टीने बांधलेला होता. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर साहेबांनी 'चालकाचा निष्काळजीपणा' असा शेरा मारला असता. लेकीच्या वेळी ते म्हणाले होते, खांबच जरा पुढे आहे. हे सगळं त्यांनी गोल-चौकोनांतून जसंच्या तसं उतरवलं, मागे दोन लाल पट्ट्या जोडून शिकाऊ चालकाचा 'एल' लावला आणि त्या रविवारी सकाळी गाडी पुरी झाली.

मग डब्याने प्रश्न विचारले. आधीच्या गाडीच्या जागी ही ठेवू का? सगळ्यांना दाखवू का? स्पर्धेला दिलेली गाडी बदलू का? साहेबांची सगळी नोकरी दुसऱ्यांना प्रश्न विचारण्यात गेलेली. आपल्याला कुणी विचारलं की नीट ऐकून घ्यायची त्यांना सवयच नव्हती. हो, हो आणि हो.

दुपारी पानावर बसल्यावर बायको म्हणाली, "आज संध्याकाळी तिच्या स्पर्धेची मुदत संपतेय. देव करो आणि तिची गाडी लागो."

"कसली स्पर्धा?"

"अहो, त्या डब्यातली. खऱ्या शर्यतीतल्या कुठल्याशा संघाने ठेवलीये. ज्याचं डिझाइन पहिलं येईल, तशी खरीखुरी गाडी रंगवणार आहेत. तीन महिने खपत होती पोरगी. तुम्हाला बोलली नाही?"

बोलली नव्हती. साहेबांना आधी त्याचंच वाईट वाटलं. मग सकाळचा तिसरा प्रश्न आठवला. जेवण अर्धं टाकून ते खोलीत गेले. स्पर्धेच्या दालनात चकचकीत गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि मधोमध, त्यांच्या लेकीच्या नावाखाली, त्यांची बिस्किटी गाडी आरसा बांधून उभी होती. कुठल्याही क्षणी कुणी ढकलायला या म्हणेल, असा तिचा चेहरा.

तेव्हाच लेकीला फोन लावला असता तर निभावलं असतं. तेवढं त्यांनाही कळत होतं. मोबाइल दोनदा हातात घेऊन त्यांनी खाली ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा फोन करायचा आणि तोही हे सांगायला, याचा त्यांना धीर होईना. आपलं आपण निस्तरू आणि मग सांगू, असं त्यांनी ठरवलं आणि डब्यातली दिसतील ती बटणं दाबली. त्याने गाडी मागे आली नाहीच. उलट तिचा मोठा फोटो पहिल्या पानावर गेला.

मग त्यांनी आयोजकांना निरोप लिहिला. लिहायला बसल्यावर हाताला जी भाषा येते तीच आली. सदर वाहनाच्या पुढील बंपरास व मागील डाव्या दारास पोचे असून ते शिकाऊ चालकाच्या हातून झाले आहेत. सदर चालकावर दोष ठेवू नये. वाहन स्पर्धेस अपात्र असून नजरचुकीने दाखल झाले आहे. तरी त्वरित हटवावे. थोड्या वेळाने उत्तर आलं की निरोप पोहोचला, मजकूर फार आवडला, आणि तो गाडीखाली कायमचा लावला आहे.

तिथून जे सुरू झालं ते साहेबांच्या आवाक्याबाहेरचं होतं. गाडीखाली अभिप्रायांची रांग लागली. आमच्या झकपकीची छान खिल्ली उडवली, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने कबूल केलं की त्याला त्याच्या बापाची गाडी आठवली. लोकांनी ती भराभर उतरवून घेतली आणि शर्यतीत आणली. मागे लाल एल बघून बाकीचे आपोआप वाट देऊ लागले, हे ध्यानात आल्यावर तर जो तो तीच गाडी घेऊन यायला लागला. संध्याकाळी साहेबांनी बघितलं तेव्हा ट्रॅकवर सगळ्याच बिस्किटी गाड्या होत्या, आणि सगळे एकमेकांना 'आधी तुम्ही' करत वळणावर खोळंबले होते. मुदत संपून गेली होती.

आणि मोबाइल वाजला. बायकोचा नव्हे, साहेबांचा. लेकीचं नाव बघून त्यांना आधी आनंद झाला. भीती मागून आली.

"बाबा, तुम्ही काय केलंत?"

"चुकलं माझं," साहेब म्हणाले.

"तीन महिने, बाबा. मी आज दिवसभर ऑफिसच्या कामाला बाहेर होते. आता उघडून बघते तर माझी गाडीच नाही. जुनी प्रत आहे माझ्याकडे, पण मुदत संपली. आता काय करू मी तिचं?"

आता ती म्हणेल, आईकडे द्या, आणि यापुढे जेवलात का हेही विचारायची नाही, याची त्यांनी मनाची तयारी केली. त्यांनी उठून स्वयंपाकघराकडे दोन पावलं टाकलीसुद्धा.

"आणि मागच्या दाराचा पोचा डावीकडे कसा?" ती म्हणाली.

"डावीकडेच होता."

"उजवीकडे होता."

साहेब जागच्या जागी उभे राहिले. बाकी काहीही बोला, पण पोचा? "हे बघ, मी आयुष्यभर हेच केलंय. फाटकातून बाहेर पडताना खांब कुठल्या हाताला येतो? डाव्या. मग पोचा कुठे पडेल?"

"आपण बाहेर पडत नव्हतो बाबा. आपण घरी येत होतो."

साहेबांनी डोळे मिटून गाडी पुन्हा फाटकाशी आणली. खरंच की. ते घरीच येत होते. लेक जोरात हसत होती, तिने वळण लवकर घेतलं आणि उजवं दार खांबाला घासलं. एवढा मोठा पोचा त्यांनी उलट्या बाजूला कसा पाडला? पण ती गेल्यापासून ते फाटक आठवलं की तिची बाहेर पडणारी टॅक्सीच त्यांना दिसायची. घरी येणारी गाडी ते विसरूनच गेले होते. हे त्यांनी तिला तसंच सांगून टाकलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, "चालू करा डबा. मी सांगते तसं करा."

त्या दिवशी बापलेकीचं बोलणं एवढं लांबलं की बायको दोनदा येऊन, कुणाशी बोलताय, असं विचारून गेली. दुसऱ्यांदा तिला खरं सांगितलं तरी तिचा विश्वास बसला नाही.

निकाल लागला, त्यात बिस्किटी गाडी कुठेच नव्हती. पोचे छान आहेत, पण खऱ्या गाडीवर जाहिरातींना जागा लागते, असं परीक्षकांनी कळवलं. लेकीला लागायचं ते लागलंच, आणि पुढे कितीतरी दिवस साहेबांना त्यावरून ऐकून घ्यावं लागलं. पण ऐकायला तरी मिळत होतं. दर रविवारी ती त्यांच्या मोबाइलवर फोन करायची आणि दोघं गाडी दुरुस्त करायचे. दुरुस्त म्हणजे जास्त मोडायचे. टपावर पक्ष्यांची घाण, काचेवर अर्धवट निघालेला स्टिकर, आरशाची सुटत आलेली चिकटपट्टी. खातं एकच असल्यामुळे तिने तिकडे केलेलं इकडे दिसायचं. मधेमधे ती ऑफिसातल्या कटकटी सांगायची, आणि मग साहेबांनाही साठवलेल्या गोष्टी एकेक आठवायच्या.

एका रविवारी ती म्हणाली, "झाली बाबा गाडी. आता काही राहिलं नाही."

"वा," साहेब म्हणाले, आणि कुठे काही राहिलंय का ते बघायला त्यांनी गाडीभोवती आणखी एक फेरी मारली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. तो रात्री आईच्या मोबाइलवर आला. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली.

सोमवारी साहेब चहा घेऊन खोलीत शिरले ते काहीतरी ठरवूनच. आयुष्यात त्यांनी खोटा पोचा कधी पास केला नव्हता. आज मागच्या दाराचा पोचा ते पुन्हा डावीकडे नेऊन ठेवणार होते. डब्याने काय विचारायचं ते विचारावं, सगळ्याला हो म्हणायचं आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसायचं. ती चिडेल. चिडली की फोन करेल.

गाडी उघडली. सवयीने त्यांनी आधी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटशी थांबले. तिथे मधोमध एक पोचा होता. चांगला ताटाएवढा, ताजा, कालच पाडलेला. त्यांच्या गाडीच्या बॉनेटला कधी नखसुद्धा लागलं नव्हतं. हे त्यांच्याइतकं एकाच माणसाला ठाऊक होतं. साहेबांनी तो पोचा जवळ जाऊन बघितला, लांबून बघितला. मग चष्मा काढून पुसला.

त्यांनी मोबाइल घेतला आणि ती कामात असेल की नाही याचा विचार न करता नंबर लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"बोला बाबा," ती म्हणाली. "कालपासून वाट बघतेय."