चुकीच्या जागची चांदणी

बायकोने नोटेवरची चांदणी खोडली, तेव्हा निवृत्त पोस्टमास्तर आंघोळीला गेले होते. आंघोळ दहा मिनिटांची. अकरा वर्षांच्या खटपटीवर पाणी पडायला तेवढा वेळ पुरला.

पोस्टमास्तरांना नोटा जमवायचा नाद होता, आणि त्यातही बदलीच्या नोटांचा. छापताना एखादी नोट बिघडली की ती काढून टाकतात आणि गड्डी पुरी भरावी म्हणून तिच्या जागी दुसरी घालतात. तिच्या नंबरात एक चांदणी असते. शंभराच्या या मालिकेतली चांदणीवाली नोट संग्राहक मंडळाच्या दुर्मिळ नोंदवहीत एकच होती, आणि ती खुद्द चिटणिसांची. पोस्टमास्तरांचं नाव त्या वहीत अद्याप आलं नव्हतं. वहीवर चहा मात्र त्यांनी एकदा सांडला होता, आणि ते सगळ्यांच्या लक्षात होतं.

मग परवा औषधाच्या दुकानात सुट्ट्या पैशांत चांदणी हाती आली. पोस्टमास्तर औषधं तिथेच विसरून घरी आले आणि रविवारच्या सभेत नोट आणतो, असं चिटणिसांना फोनवर सांगून मोकळे झाले.

बायको तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होती. नोकरी सुटली, पण खोड काही सुटली नाही. अंबाड्यात लाल पेन कायम खोचलेलं. निमंत्रणपत्रिका, औषधाच्या खोक्यावरच्या सूचना, भावाची पत्रं, सगळं तिच्या हाताखालून जाई. भावाने हल्ली पत्र लिहायचं सोडलं होतं.

तिने टेबलावरची नोट पाहिली. आकड्यांत चांदणी. चांदणी आहे म्हणजे खाली तळटीप हवी. तिने नोट उलटसुलट करून पाहिली, तळटीप कुठेच नव्हती. तेव्हा तिने चांदणीवर रेघ मारली आणि समासात ‘काढून टाका’ची वळणदार खूण केली.

“अहो, छापायच्या आधी हे कुणी वाचून बघत नाही का?” तिने विचारलं.

पोस्टमास्तर टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत खुर्चीत बसले. मग त्यांनी खुणेच्या कोपऱ्याला जरासं स्पिरिट लावून पाहिलं. लाल शाई हलेना, नोटेचा रंग मात्र उतरू लागला. तेव्हा त्यांनी खूण पुसायचा नाद सोडला.

रविवारी दोघं मिळून सभेला निघाली. “चूक माझी, तर सांगणार पण मीच,” ती म्हणाली. पोस्टमास्तरांना त्याने धीर आला नाही.

चिटणिसांनी ताडून पाहण्यासाठी आपली नोट पाकिटातून काढून टेबलावर ठेवली होती. त्यांनी पोस्टमास्तरांची नोट भिंगाखाली घेतली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“ही छापखान्यातल्या तपासनिसाची खूण आहे,” ते शेवटी म्हणाले. “तीही मुरलेल्या हाताची. म्हणजे बदलीची नोटच नापास झाली, आणि तरी बाहेर पडली. असली नोट मी जन्मात पाहिली नव्हती.”

सभासद खुर्च्या सरकवत जवळ आले. कुणीतरी पोस्टमास्तरांपुढे बिस्किटांची बशी केली. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यात बिस्कीट घातलं. चिटणीस नोंदवहीत त्यांचं नाव लिहीत होते. ते बघताना पोस्टमास्तरांना भरून आलं.

“ती खूण माझी आहे,” बायको म्हणाली.

पोस्टमास्तरांनी टेबलाखाली तिचा पाय दाबला. तिने पाय बाजूला घेतला. चिटणीस समजुतीने हसले. अशी खूण करायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, ते काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं.

“तीस वर्षं हेच केलंय मी. करून दाखवू?”

“दाखवा की,” चिटणीस म्हणाले.

तिने पेन काढलं आणि समोर जो कागद होता त्यावर करून दाखवलं. समोर चिटणिसांची नोट होती. तिच्यावरही तळटीप नव्हती.

चिटणिसांनी दोन्ही नोटा शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या. खुणा एकसारख्या होत्या. बाईंचं खरं मानावं, तर दोन्ही नोटा आता फक्त शंभराच्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, सभासदांकडे पाहिलं. सभासद आपापल्या चहात बघत होते.

मग चिटणिसांनी वही पुढे ओढली आणि सावकाश लिहिलं, “तपासनिसाच्या खुणेसह. अत्यंत दुर्मिळ. ज्ञात प्रती : दोन.”

बायकोने वाकून ते वाचलं. “हे चुकलंय,” असं म्हणत तिने पेनाकडे हात नेला. पेन केव्हाच पोस्टमास्तरांच्या खिशात गेलं होतं.