पाचव्या ओळीतले सासरे

काहींना गाता येतं, काहींना पोहता येतं. मला जागा दिसते! कपाट असो, फ्रीज असो की गाडीची डिकी, जिथे बाकीच्यांना 'आता बास' दिसतं, तिथे मला अजून तीन डबे बसताना दिसतात. त्यामुळे सासऱ्यांच्या कागदाच्या गोदामात रॅक बसवायचं ठरलं तेव्हा ते काम माझंच, यात मला तरी शंका नव्हती.

शंका साडूंना होती. ते थोरले जावई. माझ्या आधी चार वर्षं या घरात आले आणि तेवढ्या भांडवलावर आजतागायत मला सल्ले देतात. सासरे आता सत्तरीला आले होते, रोजच्या कटकटीला वैतागले होते. एक दिवस जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "रॅकमध्ये ज्याचं डोकं चालेल, गोदामाच्या चाव्या त्याच्याकडे."

झालं! त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला त्या चाव्या हव्याच होत्या. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासरी माझी ओळख 'धाकटीचा नवरा' एवढीच होती. मी उठताबसता गोदाम मोजू लागलो. बायको म्हणाली, "अहो, निदान जेवताना तरी टेप खिशात ठेवा!"

रॅकवाला आला आणि त्याने दोन प्रकार दाखवले. पहिल्यात प्रत्येक रॅकसमोर मोकळी वाट. माल ठेवायच्या लाकडी चौकटीला पॅलेट म्हणतात. तर यातलं कुठलंही पॅलेट हवं तेव्हा काढता येतं. दुसऱ्यात वाटाच नाहीत. माल उचलणारी गाडी, म्हणजे फोर्कलिफ्ट, थेट रॅकच्या पोटात शिरते आणि एकामागे एक पॅलेट लावत बाहेर येते. जागा जवळजवळ दुप्पट!

"पण मागचं पॅलेट काढायचं झालं तर?" साडूंनी विचारलं.

"पुढची काढायची," रॅकवाला म्हणाला.

"आपल्याकडे सगळा कागद पांढराच आहे साडूभाऊ! पुढचा काय, मागचा काय!" मी म्हणालो. सासरे हसले. मला तेवढं पुरलं. दुसरा प्रकार पक्का झाला.

रॅक उभं राहिलं. सहा ओळी, प्रत्येक ओळ आठ पॅलेट खोल आणि तीन पॅलेट उंच. मागच्या भिंतीला पाण्याचा पाइप होता म्हणून तिथे दोन हात पट्टी सोडावी लागली, त्याचंच काय ते मला दुःख. बाकी दोन पॅलेटांमधून मांजरसुद्धा जाणार नाही, असं मी मोजून बसवलं होतं.

माल भरायच्या दिवशी मी एका जागी ठरत नव्हतो. सासरे, म्हणजे आमचे मामा, जेवून यायच्या आत गोदाम गच्च भरलेलं दाखवायचं होतं. बारा वाजले तेव्हा फक्त पाचवी ओळ रिकामी होती. "चल, चल, चल!" मी फोर्कलिफ्टवाल्याच्या मागे लागलो. एक वाजता शेवटचं पॅलेट बसलं. मी घाम पुसत साडूंना म्हणालो, "बोलवा मामांना!"

"मामांना? ते केव्हाच आलेत. मागचा पाइप गळतो का बघून येतो म्हणाले."

"कुठून गेले?"

"पाचव्या ओळीतून."

मी पाचव्या ओळीकडे धावलो. "आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"मी फोनवर होतो! मला वाटलं तुम्ही बघितलं!"

आम्ही दोघांनी हाका मारल्या. कागदाच्या भिंतीने एकेक हाक गिळून टाकली. सासऱ्यांचा फोन टेबलावर होता, आणि तो वाजू लागला. सासूबाई!

"बँकेत गेलेत," मी म्हणालो.

त्याच वेळी साडू दुसऱ्या फोनवर आपल्या बायकोला सांगत होते, "घरी निघालेत."

पंधरा मिनिटांत सासूबाई रक्तदाबाची गोळी घेऊन दारात हजर! "बँक आज बंद आहे! घरी ते आले नाहीत! कुठे ठेवलंत त्यांना?"

'ठेवलंत' हा शब्द अगदी अचूक होता. तेवढ्यात रॅकला कान लावून उभा असलेला फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "साहेब, पाचवी ओळ घोरतेय."

जीव भांड्यात पडला! पण माणूस बाहेर काढायचा तर चोवीस पॅलेटं काढायला हवीत, आणि ती ठेवायला जागा? मी एक इंचही शिल्लक ठेवली नव्हती! मी नुसताच येरझाऱ्या घालत होतो. सूत्रं साडूंनी हातात घेतली. चार पॅलेटं ऑफिसात गेली, सहा अंगणात, बाकीची रस्त्यावर. सासूबाईंची रिक्षा आत अडकली. रिक्षावाला ओरडत होता, शेजारचा सुतार ओरडत होता, आणि सासूबाई ओरडत नव्हत्या, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. ते जास्त वाईट होतं.

दीड तासाने चोविसावं पॅलेट निघालं. गालावर गठ्ठ्याच्या पट्टीचा वळ घेऊन, डोळे चोळत सासरे बाहेर आले.

"जावईबापू, हे रॅक तुम्हीच निवडलंत ना?"

"हो मामा," मी जमिनीकडे बघत म्हणालो.

"काय शांतता आहे हो आत! ना फोन, ना गिऱ्हाईक, ना तुमचं दोघांचं भांडण! वरच्या झरोक्यातून वारासुद्धा येतो. मी तीस वर्षांत असा झोपलो नव्हतो!"

माझी मान वर आली. "मग मामा, चाव्या..."

"चाव्या थोरल्यांकडे. धंद्यात माल बाहेर निघावा लागतो. ते म्हणतील तसं रॅक बदलून घ्या. फक्त पाचवी ओळ राहू द्या." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती तुम्ही सांभाळा."

तर सध्या मी पाचव्या ओळीचा प्रमुख आहे. रोज एक वाजता सासऱ्यांना आत सोडतो, तोंडाशी एक पॅलेट लावून घेतो आणि तीनच्या ठोक्याला त्यांना काढतो. काम चोख आहे, कोणाची तक्रार नाही. फक्त परवा सासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तीनला काढायलाच हवं का हो?"