आप्पासाहेबांचं उसनं दुखणं

अंथुर्णे गावात नवराबायकोचं, भावाभावाचं किंवा सासूसुनेचं बिनसलं की मंडळी आप्पासाहेबांच्या ओट्यावर येत. आप्पासाहेब फारसं बोलत नसत. आत चहा सांगत, समोरच्याला बोलू देत, मध्येच "बरं, मग?" म्हणत, आणि तासाभरानं माणूस स्वतःच स्वतःची चूक कबूल करून उठून जाई. तीस वर्षं हे असं चाललं होतं. त्यामुळे एका रविवारी धाकट्या मुलानं, रणजितनं, लोणी देवकरच्या आपल्या कारखान्यातली नवी गोष्ट सांगितली, तेव्हा आप्पासाहेबांचे कान टवकारले.

कारखान्यानं प्रत्येक कामगाराच्या मोबाईलवर एक ॲप घालून दिलं होतं. मनात काही सलत असलं की त्याच्याशी बोलायचं. पलीकडं माणूस नाही, सगळं यंत्रच. पण आवाज बाईचा आणि मराठी स्वच्छ. घरची माणसं बोलली तरी चालतं, असं रणजित म्हणाला.

"म्हंजे माझंच काम की," आप्पासाहेब म्हणाले. "कसं करती ती?"

त्यांना राग आला नाही की हेवा वाटला नाही. एका सुतारानं दुसऱ्या सुताराचा रंधा बघायला जावं, तशी नुसती उत्सुकता लागली. दुपारी रणजित जेवून आडवा झाल्यावर त्याचा मोबाईल घेऊन ते पेरूच्या बागेत जाऊन बसले.

अडचण एकच होती. सांगायला दुःख नव्हतं. ऊस वेळेवर गेला होता, पेरू चांगला धरला होता, गुडघेही कुरकुरत नव्हते. तेव्हा ओट्यावर नेहमी येणारं एक दुखणं त्यांनी उसनं घेतलं.

"बायकू माझ्याशी बोलत न्हाय," ते मोबाईलला म्हणाले.

"किती दिवसांपासून?" आवाजानं हळुवारपणे विचारलं.

दोन-चार दिवस म्हटलं तर यंत्र मनावर घ्यायचं नाही, असा विचार करून त्यांनी सांगितलं, "अकरा वर्षं झाली."

या अकरा वर्षांत सगळ्यात जास्त काय सललं, असं यंत्रानं विचारलं. प्रश्न चांगला होता. आप्पासाहेबांना कौतुक वाटलं, आणि एवढ्या चांगल्या प्रश्नाला तोलामोलाचं उत्तर द्यायचं म्हणून ते रंगात आले. पहिल्यापासूनच मन जुळलं नाही, म्हणाले. घरात असून नसल्यासारखी, म्हणाले. शेवटी ओट्यावर कधीतरी ऐकलेला एक हुंदकाही त्यांनी हुबेहूब काढला. डोळे पुसायला मान वळवली, तर मागं त्यांची बायको दगडाबाई चहाचा पेला घेऊन उभ्या.

दगडाबाईंनी पेला बांधावर ठेवला आणि आल्या पावली परत गेल्या.

संध्याकाळपर्यंत आप्पासाहेबांनी चार वेळा समजावून सांगितलं, की आपण यंत्राची परीक्षा घेत होतो, सगळं खोटं होतं. दगडाबाईंनी ताट वाढलं, भाकरी ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "परीक्षा घ्यायला कुणी रडतं व्हय?" त्यानंतर बोलणं बंद. निरोप रणजितमार्फत येऊ लागले. तीन माणसांच्या घरात ‘आई म्हणती, जेवायला या’ असं दुसऱ्याकडून ऐकायला आप्पासाहेबांना फार अवघड जाई.

मंगळवारी गावातला संभाजी आणि त्याची बायको कुशाबाई आपलं भांडण घेऊन ओट्यावर आली. आप्पासाहेबांनी सवयीनं आत चहा सांगितला. चहा आला नाही. पुन्हा सांगितला, तेव्हा आतून पातेल्यावर झाकण आदळल्याचा आवाज आला. काय झालं बघायला कुशाबाई आत गेल्या, त्या अर्ध्या तासानं बाहेर आल्या. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "चला घरी. हितल्यापरास आपलं बरं हाय." दोघं एका मोटरसायकलवर बसून गेली. एवढ्या लवकर मिटलेलं भांडण त्या ओट्यानं पाहिलं नव्हतं. पण त्यात आप्पासाहेबांचा हात तेवढा नव्हता. बुधवारी ओट्यावर कुणी फिरकलंच नाही.

पहिल्या पाळीहून रणजित घरी आला, तसा आप्पासाहेबांनी मुकाट्यानं मोबाईल मागितला. या वेळी सांगायला खरं दुःख होतं. तीन दिवस झाले, बायको बोलत नाही, म्हणाले.

"मागच्या वेळी तुम्ही अकरा वर्षं म्हणाला होतात," आवाज म्हणाला. "आज तीन दिवस म्हणताय. ही खूप चांगली सुधारणा आहे."

आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे उलगडून सांगितलं, की आधीचं खोटं होतं, आणि त्या खोट्यामुळेच आताचं खरं झालं. यंत्र रागावलं नाही. त्यानं विचारलं, की ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नव्हतं, असं तुम्ही पत्नीला शेवटचं काय विचारलं होतं?

आप्पासाहेब आठवत बसले. मोटार बंद केली का. दूध घातलं का. माझा चष्मा कुठाय. चष्म्याचं उत्तर त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, पण तो प्रश्न यात धरता येणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. गावातल्या प्रत्येकाला ‘बरं, मग?’ विचारून झालं होतं. घरात एकदाही नाही. उन्हं उतरल्यावर ते उठून गोठ्याकडं गेले.

दगडाबाई गोठ्यापाशी दुधाची किटली घासत होत्या. आप्पासाहेब जवळ जाऊन उभे राहिले. दोनदा घसा खाकरला.

"तुला काय पायजे असतं गं? म्हंजे, तुझ्या मनात काय हाय?"

किटली घासणारा हात थांबला. "त्या बाईनं सांगितलं न्हवं, असं इचारा म्हणून?"

खोटं बोलायची हिंमत आता उरली नव्हती. "व्हय."

"बरं झालं, कुणाचं तरी ऐकलं," दगडाबाई म्हणाल्या. मग किटलीकडं बघत बोलू लागल्या. "एकवीस वर्षं मी डेअरीला दूध घालती. तितनं गाडी बारामतीला एमआयडीसीत जाती म्हणत्यात. तितं माझ्या दुधाचं काय करत्यात, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं हाय."

आप्पासाहेब त्या रस्त्यानं शंभर वेळा गेले होते. हिला घेऊन जावं, असं कधी मनातही आलं नव्हतं. रणजितला सांगून डेअरीत आत जायचा पास काढू, सोमवारी जाऊ, म्हणाले. दगडाबाईंनी मान हलवली, किटली पालथी घातली आणि पदराला हात पुसत विचारलं, "आन तुमाला काय पायजे?"

अकरा वर्षांचं दुःख त्यांनी बसल्या जागी रचलं होतं. या प्रश्नाला मात्र काही सुचेना. त्यांनी पेरूच्या बागेकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं, शेवटी उद्यापर्यंत मुदत मागितली.

"घ्या की," दगडाबाई म्हणाल्या. "पर त्या बाईला इचारू नका."