गाळणीतली दीर्घिका

चैतन्यने मामीची चहाची गाळणी सकाळीच पळवली होती. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या समाजमंदिरात मराठी मंडळाची दिवाळी रांगोळी स्पर्धा होती आणि पाच वाजता नोएडाहून भक्ती येणार होती. मामीनेच आणलेलं स्थळ. आठवडाभर भक्ती मेसेजवर विचारत होती, "तू दिवसभर नक्की बघतोस काय?" चैतन्य मुनिरकात खोली घेऊन आकाशातल्या दीर्घिकांवर संशोधन करायचा आणि त्याबद्दल बोलायला लागला की अडखळायचा. आधीच्या दोन मुली त्याचं उत्तर अर्धवट ऐकूनच उठल्या होत्या. म्हणून या वेळी त्याने कळवलं, "समोर दाखवतो."

गाळणीला हलक्या टिचक्या मारत त्याने व्हरांड्याच्या काळ्या फरशीवर केशरी-पिवळी रांगोळी भुरभुरवली. मध्ये दाट, बाहेर विरळ, आणि कुठे संपली ते कळू नये अशी. लंबवर्तुळाकार दीर्घिका. तास-दीड तास त्याला दिल्लीत असल्याची आठवणच नव्हती. मग तो हात धुवायला गेला.

परत आला तर मंडळाचे चिटणीस, म्हणजे त्याचे मामा गुणवंतराव, झाडू घेऊन उभे होते. अर्धी दीर्घिका सुपलीत गेली होती.

"कुणीतरी रंग सांडून गेलं बघ."

"मामा, ती माझी दीर्घिका आहे."

"अच्छा? मग रेघ तरी ओढायचीस. हद्द नको का तिला?"

"नसतेच हो. पुसट होत जाते फक्त."

तीस वर्षं सरकारी कागदांवर समास आखलेल्या माणसाला हे पटणं अवघड होतं.

चैतन्य आणखी रंग आणायला धावला. शेजारच्या चौकोनात मोर काढत बसलेल्या कुमुदमामीला त्याची दया आली. मुलगी हे ओकंबोकं बघून काय म्हणेल, म्हणून तिने दीर्घिकेला निळ्या रांगोळीचे, भोवऱ्यासारखे वळत जाणारे दोन झोकदार हात काढून दिले.

"मामी, हिला हात नसतात," चैतन्य परतल्यावर म्हणाला. "आणि निळे, तरुण तारे तर जवळजवळ नाहीतच. सगळे म्हातारे, पिवळट, आणि जो तो आपापल्या दिशेने फिरतोय."

"म्हणजे आपलं मंडळच की. ते काय दाखवायचं मुलीला? थोडी रौनक पाहिजे ना."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. चैतन्य रडकुंडीला आला.

"चलो, त्यात काय," म्हणत मामांनी हॉलमधला उभा पंखा ओढत आणला. वरवरचं निळं हलक्या वाऱ्याने उडून जाईल, असा त्यांचा अंदाज. पंख्याला मात्र वेग एकच होता.

तो बंद केला तेव्हा कोपऱ्यात कोंडलेल्या वाऱ्याने मोराचा पिसारा, निळे हात आणि पिवळी दीर्घिका एकमेकांत मिसळून टाकली होती. फरशीवर एक मोठा धूसर गोळा उरला होता.

"माझा मोर," मामी एवढंच म्हणाली.

चैतन्य मात्र बघतच राहिला. दोन दीर्घिका आदळतात, हात मोडतात, कण वाटेल त्या दिशेला उधळतात आणि शेवटी असाच एक शांत गोळा उरतो. चार वर्षं तो संगणकावर जे घडवून बघायला धडपडत होता ते मामांनी अर्ध्या मिनिटात केलं होतं. तो गुडघ्यांवर बसला. त्याला विलक्षण आनंद झाला होता. भक्ती येऊन मागे उभी राहिली, हे त्याला कळलंही नाही.

"हेच बघतोस दिवसभर?"

तो दचकला. "हो."

"आणि यात होतं काय?"

मामीने डोळ्यांनी खुणा केल्या, पण चैतन्यला खोटं बोलता येत नव्हतं.

"काही नाही. धूळ, वायू जवळपास संपलेले, त्यामुळे नवे तारे फारसे जन्मत नाहीत. मधोमध प्रचंड कृष्णविवर असतं, पण तेही बहुतेक वेळा झोपलेलंच. अब्जावधी वर्षं सगळं असंच."

मामांनी मान खाली घातली. हेही स्थळ गेलं.

भक्तीच्या हातातला फोन थरथरत होता. ती एका वृत्तवाहिनीत 'ताजी बातमी'च्या पट्टीवर काम करायची. तिथे दर दोन मिनिटांनी काहीतरी घडायचंच, आणि नाही घडलं तर घडवावं लागायचं. तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि ओढणी सावरून फरशीवर बसली.

"अजून सांग ना," ती म्हणाली, "तिथे अजून काय काय घडत नाही?"