तपासणीवाले तात्या

आमच्या शेजारच्या तात्यांनी एका लग्नात जेवायला बसल्यावर पहिला घास घेण्याआधी खिशातून छोटी बाटली काढली. पेल्यातलं पाणी तीत ओतलं, बूच लावलं आणि बाटली परत खिशात टाकली. सोमवारी ते पाणी नारायणगावला तपासायला गेलं. पाण्यात काही निघालं नाही, पण बोभाटा व्हायचा तो झालाच, कारण ते लग्न त्यांच्या स्वतःच्या मुलीचं होतं आणि पाण्याचा टँकरही त्यांनीच मागवला होता. व्याही अजून चिडवतात, "तात्या, चहा पिताय का आधी लॅबला पाठवताय?" तात्या रागवत नाहीत. म्हणतात, "पावणं, डोळ्याला दिसतो तो अंदाज. खरं काय ते तपासल्यावर."

मी निमगाव सावात ब्लाऊज शिवते. दिवसभर माणसांची मापं घ्यायची सवय, त्यामुळे कोण किती तिरपं आहे हे मला चटकन कळतं. तात्या चांगलेच तिरपे आहेत. अंगात पांढरा शर्ट, खाली पायजमा आणि चारी खिशांत प्लॅस्टिकच्या पिशव्या. कुठे नमुना घ्यावा लागेल सांगता येत नाही ना. बायको बाजारातून हळद घेऊन आली की चिमूटभर हळद पिशवीत. दूधवाला बदलला की दूध बाटलीत. द्राक्षाच्या बागेचं तर विचारूच नका. माती तपासायची, पाणी तपासायचं, पानाचा देठ तपासायचा. बाकीचे बागाईतदारही तपासतात म्हणा, पण ते औषध मारायच्या आधी तपासतात. तात्या मारून झाल्यावर पुन्हा तपासतात, आणि मग रिपोर्ट चुकलाय का हे बघायला दुसऱ्या लॅबला पाठवतात.

काकू म्हणजे त्यांची बायको. ती म्हणते, "मला बघाय आले तवा ह्यांनी माझं नाव न्हाई इचारलं. घरात पाणी कुठल्या हिरीचं हाय ते इचारलं." तात्या त्यावर मान डोलावतात. त्यांना तो प्रश्न अजूनही रास्तच वाटतो.

एकदा बिबट्याने त्यांचं कुत्रं नेलं. आमच्याकडे बिबट्याने कुत्रं नेणं ही काही बातमी नव्हे. चार दिवस हळहळायचं आणि दुसरं पिल्लू आणायचं. तात्यांना मात्र उसाच्या कडेला बिबट्याची विष्ठा सापडली. त्यांनी ती पिशवीत घेतली आणि वनखात्याच्या माणसापुढे नेऊन ठेवली. म्हणाले, "ह्याच्यात आमचा मोत्या हाय का, तेवढं बघून सांगा." तो बिचारा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "तात्या, नेलं ते नेलं, आता बघून काय करायचंय?" तात्या म्हणाले, "न्हाई, नुसता पळून गेला असंल तर मी भाकरी ठिवत जाईन." सगळं गाव हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

तर अशा या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. का, ते सांगते.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. नवस झाले, डॉक्टर झाले, लोकांचं विचारून झालं, आणि सगळ्यांनी विचारायचं सोडल्यावर मला दिवस राहिले. मी शिवणयंत्रावर बसायचं बंद केलं. सासूबाई मला पाण्याचा तांब्याही उचलू देईनात. आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या जावेच्या मुलीला, आमच्या परीला, अंगभर फोड आले. पाठीवर, पोटावर, केसांत, सगळीकडे पाण्याचे टपोरे फोड. तोवर ती दिवसभर माझ्या मांडीवरच असायची.

सासूबाईंनी पाहिलं आणि हात जोडले. "बाया आल्यात घरात." आमच्याकडे कांजिण्यांना बाया म्हणतात, देवीच घरी आली असं मानतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, तळण बंद, केस विंचरणं बंद. बाहेरच्यांनी आत यायचं नाही आणि घरातल्यांनी उगाच बाहेर जायचं नाही. आमचे हे दाढी वाढवून फिरायला लागले आणि बिनफोडणीची आमटी खाऊन उगाच देवभोळ्यासारखे दिसायला लागले.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. एरवी त्या हसतखेळत बोलतात. त्या दिवशी एकदम थांबल्या. "तुम्हाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?"

मला काय माहीत? त्या म्हणाल्या, "घरी विचारा. झाल्या असतील तर घोर नाही. झाल्या नसतील तर आता पोटातल्या बाळाला जपायला हवं. एक इंजेक्शन असतं, ते पुण्याहून मागवावं लागेल. पण ते वेळेत द्यायला हवं. उशीर झाला तर उपयोग नाही."

मी माहेरी, अवसरीला आईला फोन लावला. आम्ही चौघी बहिणी. आई म्हणाली, "आल्या व्हत्या की. तिघींना एकदमच आल्या व्हत्या." मी म्हटलं, "चौथी कोण?" आईने विचार केला. म्हणाली, "तू नसशील. का तूच व्हतीस? एकीला मामाकडं पाठवलं व्हतं मी, लागू नये म्हणून." "कुणाला?" "अगं, तुमी सगळ्या सारख्याच दिसायच्या." मग तिन्ही बहिणींना फोन झाले. थोरली म्हणाली मामाकडे मी गेले होते, धाकटी म्हणाली मी गेले होते, आणि मधलीला मामाच आठवेना. मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. हात सारखा पोटावर जात होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठवत नसेल तर रक्त तपासू. आजच या."

सासूबाई दारात आडव्या आल्या. वाईट नव्हत्या हो त्या. माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या, फक्त त्यांची भीती वेगळ्या देवाची होती. "बया घरात बसलीय आन् तू सुई टोचून रगत काढाय निघालीस? तिला काय वाटंल? पोटुशी हायेस तू. मी न्हाई जाऊ द्यायची." आमचे हे एकदा आईकडे बघत होते आणि एकदा माझ्याकडे. जाऊ परीला घेऊन आत रडत होती.

एवढ्यात कुंपणापाशी तात्या दिसले. आत यायचं नाही म्हणून बाहेरूनच परीची चौकशी करायला रोज यायचे. सगळं ऐकलं असावं. म्हणाले, "वहिनी, भांडू नका. तपासून घेऊ."

सासूबाई कडाडल्या, "भावजी, ही काय तुमची बाग न्हाई."

"न्हाईच की," तात्या म्हणाले. "पर वहिनी, मी काय म्हंतो. आपन बयेच्या वाकड्यात जात न्हाई. ती पूर्वी सूनबाईच्या घरी येऊन गेली व्हती का, एवढंच बघायचंय. ती ज्या घरी येऊन जाती तिथं तिचं पाऊल ऱ्हातं म्हनं, रगतात. लॅबवाला ते पाऊल बघतो. तिचंच पाऊल शोधाय चाललो, ती कशाला रागावंल?"

सासूबाईंनी आत जाऊन देवापुढे दिवा लावला, बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या आणि बाहेर येऊन माझ्या हातात लिंबाचा डहाळा दिला. "हा सोडू नको. आन् सुई टोचताना तिचं नाव घे."

तात्यांच्या गाडीतून मी, आमचे हे आणि डहाळा नारायणगावला गेलो. वाटेत तात्यांनी एक कल्पना काढली. म्हणाले, "सूनबाईचं एकटीचंच कशाला? मातीचा नमुना घेताना आपन शेताच्या कोपऱ्याकोपऱ्यातली घेतो, घमेल्यात कालवतो आन् त्यातली मूठभर देतो. तसं घरातल्या सगळ्यांचं थोडं थोडं रगत घ्यावं, कालवावं, एकच रिपोर्ट काढावा. घर एकच हाय ना?" आमचे हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मीही हसले आणि मग हसता हसता रडले. तात्या घाबरून म्हणाले, "बरं ऱ्हायलं, न्हाई कालवायचं."

लॅबमधल्या मुलीने माझा दंड बांधला. तात्या शेजारी उभे. "ताई, वरचं रगत घेणार का खोलातलं? मातीत आमी वीतभर खाली जातो." ती मुलगी मोठी समजूतदार. तिने त्यांना नीट सांगितलं की कांजिण्या एकदा येऊन गेल्या की शरीर त्यांच्यासाठी पहारेकरी तयार करतं. त्यांना अँटीबॉडी म्हणतात. रोग जातो, पहारा राहतो. तो आहे का नाही, ते या तपासणीत दिसतं. तात्या भान हरपून ऐकत होते.

"किती वर्सं ऱ्हातो?"

"बहुतेक जन्मभर, बाबा."

"म्हाताऱ्या माणसातबी?"

"असतो की."

तात्यांनी शर्टाची बाही वर केली. "मग माझंबी घ्या. दुसरा नमुना असलेला बरा, ताडून बघाय." मी म्हटलं, झालं, निघाला यांचा किडा. रक्त पुण्याला जाणार होतं.

रिपोर्ट येईपर्यंत माझ्या तोंडात अन्न गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची सोय करून ठेवली होती. शेवटी त्यांचाच फोन आला. "आहेत अँटीबॉडी. भरपूर आहेत. तुम्हाला लहानपणीच होऊन गेल्यात. इंजेक्शन लागत नाही, बाळाला धोका नाही. आता जेवा."

मी सासूबाईंच्या गळ्यात पडले. त्या म्हणाल्या, "बघ, पाऊल निघालं का न्हाई?" मी कुंपणापाशी धावत गेले, तर तात्या तिथेच उभे. सांगितलं तर म्हणाले, "भरपूर हाय ना? मग वरून खताची गरज न्हाई." आणि गेलेसुद्धा.

आज माझी लेक रांगते. तात्यांच्या ओसरीवर जाऊन नमुन्याच्या पिशव्या फाडते आणि ते तिला दुसऱ्या आणून देतात. तिच्याकडे बघताना मला रोज वाटतं, हा माणूस त्या दिवशी कुंपणाशी आला नसता तर मी दारातच रडत बसले असते आणि इंजेक्शन लागणार असतं तर वेळ निघून गेली असती. देवाचे आभार मी रोज मानते. तात्यांचे कसे मानायचे ते कळत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. परीच्या खपल्या पडल्या, तिला लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य झाला आणि घर मोकळं झालं, त्या दिवशीची गोष्ट. दुपारी सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, मी शेजारी बसले होते. तात्या आले आणि पायरीवर टेकले. हातात त्यांचा रिपोर्ट होता. माझ्या काळजीत मी त्यांच्या रक्ताचं साफ विसरून गेले होते.

"वहिनी, माझ्याबी रगतात निघालं."

"म्हंजे तुमालाबी येऊन गेल्या की भावजी."

"हां, पर कधी?" तात्या म्हणाले. "मला काय ठावं न्हाई. सांगाय कुणी न्हाई."

ते खरं होतं. तात्या मूळचे आमच्या गावचे नव्हेत. शाळेत घालायच्या वयाचे असताना डिंगोऱ्याकडचं कुणी लांबचं नातलग त्यांना इथे, आईच्या चुलत बहिणीकडे सोडून गेलं. आईबाप त्याच्या आधीच गेलेले. त्या आधी ते कुणाच्या घरी होते, किती घरं फिरले, कुणालाच माहीत नाही. मावशी कधीच वारली. माझी आई चौघींत गोंधळली खरी, पण गोंधळायला तरी ती होती.

तात्यांनी विचारलं, "वहिनी, लेकराला बाया आल्या म्हंजे काय काय करावं लागतं? तुमी परीचं काय काय केलं?"

सासूबाई तांदूळ निवडता निवडता सांगायला लागल्या. "करायचं काय. ताप भरतो. अंगाची आग आग व्हती. लिंबाच्या पाल्यानं वारा घालायचा. मऊ भात भरवायचा. आन् कंड लई सुटतो. लेकरू खाजवाय बघतं. खाजवलं की फोड फुटतो आन् जन्माचा वण ऱ्हातो. म्हणून हात धरून बसावं लागतं. निजलं तरी सोडायचे न्हाई हात, झोपंत खाजवतं."

बोलता बोलता त्या थांबल्या. सूप बाजूला ठेवलं आणि तात्यांच्या तोंडाकडे निरखून बघायला लागल्या.

"भावजी, तुमच्या तोंडावर एक वण न्हाई."

तात्यांनी गालावरून हात फिरवला. कपाळावरून फिरवला.

"कुणीतरी लई जपलंय तुमाला," सासूबाई म्हणाल्या. "हात धरून बसलं व्हतं कुणीतरी तुमचं."

काकूने पलीकडून चहाला हाक मारली, तरी तात्या उठेनात. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, ते तपासता येत न्हाई ना? कोण व्हतं ते?"

"नाही तात्या."

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "व्हतं कुणीतरी. बास झालं."