विमानाची कानपिळी

मुखेडच्या भगवानरावांना या सोयरिकीतून काय मिळणार होतं, ते आधी बघून घेऊ. होणारा जावई शिवशंकर वायुदलात. त्याच्या तुकडीत नुकतीच परदेशी बनावटीची लढाऊ विमानं दाखल झालेली. भगवानरावांचे साडू हणमंतराव यांचा जावई तलाठी होता, आणि त्या बळावर हणमंतराव आजवर प्रत्येक पंगतीत पहिल्या पाटावर बसत आले होते. आता त्यांना खाली सरकावं लागणार होतं. लेक बबिताला चांगला नवरा मिळणार होता, हाही लाभ होताच. पण तो भगवानरावांच्या हिशेबात तळाशी, बारीक अक्षरांत होता.

शिवशंकर विमान उडवत नव्हता. तो विमानाची चाकं आणि ब्रेक बघायचा. भगवानराव मात्र गावात "इमान त्याच्याच हातात असतंय" एवढंच सांगायचे, आणि त्यात तसं खोटं काही नव्हतं.

नवी विमानं आल्यापासून त्या बिचाऱ्याचे हाल चालले होते. "जुन्या विमानाचं चाक मी डोळे झाकून बदलायचो," तो बबिताला फोनवर सांगायचा. "ह्याचं समदंच येगळं. पुस्तक परदेशी, पाना परदेशी, शिकवायला आलेला माणूसबी परदेशी. त्याचं मला कळंना, माझं त्याला कळंना."

"मग काम कसं करून राहिलात?"

"हातवारे करून."

लग्नाला आठवडा उरला आणि सीमेवर लढाई जुंपली. तुकडीतल्या सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या.

"अप्पा, तारीख पुढं घ्या," बबिता म्हणाली.

"पुढं कुठं? आता तिथी थेट तुळशीच्या लग्नानंतर. तवर तुझा हणमंतकाका मला जगू देतो का?"

तोडगा काढला तो भगवानरावांच्या आत्यानं, पंचफुलाबाईनं. निजामाच्या काळात नवरदेव लढाईवर असला की त्याचा खांडा, म्हणजे तलवार, पाटावर उभा करून नवरीचं लग्न लावायचे, असं तिनं तिच्या सासूकडून ऐकलं होतं. "खांड्याच्या जोरावर लगीन व्हतंय रं भगवान. माणूस मागून येतो."

हणमंतराव तिथंच सुपारी कातरत बसले होते. "ते ठीक हाय. पण तुमच्या जावयाचा खांडा कोन्ता? पाना?"

बैठक खदखदून हसली. तिथंच घात झाला. भगवानराव ताडकन उठले. "पाना कशाला? इमान उभं करतो पाटावर!"

देवणीच्या व्याह्यांना फोन केला. ते आधीच खचलेले. "तुमी म्हणताल तसं," एवढंच बोलले. बिलोलीच्या एका थर्माकोलवाल्याला काम दिलं. तो गणपतीचे देखावे करणारा माणूस, लहान काही करायची सवयच नव्हती. विमान आलं ते टेम्पोतून, बैलगाडीएवढं. हुबेहूब दिसावं म्हणून भगवानरावांनी बबिताला विचारून, बबितानं शिवशंकरला विचारून, तुकडीचा आकडासुद्धा शेपटीवर रंगवून घेतला होता.

एकदा विमान नवरदेव ठरलं म्हटल्यावर पुढचं कुणाच्या हातात राहिलं नाही. त्याला हळद लागली. नाकाला बाशिंग बांधलं. नवरदेव मारुतीला जातो, म्हणून ट्रॅक्टरवर चढवून वाजतगाजत मारुतीला नेलं. मेहुण्यांनी जोडे लपवायचे, तर पोरींनी चाकंच काढून नेली.

"अप्पा, लोक हासून राहिलेत," बबिता मुंडावळ्यांच्या आडून म्हणाली.

"हासू दे. लगीन लागू दे."

मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. आणि नवरीचा भाऊ लखन पुढं आला. "कानपिळीचा मान माझा!"

नवरदेवाचा कान पिळल्याशिवाय मेहुणा हटत नाही. पण विमानाला कान कुठला? लखननं चहूबाजूंनी बघितलं आणि त्यातल्या त्यात कानासारखी दिसली ती शेपटी पिळली. कड्‌कन आवाज झाला. शेपटी आकड्यासकट हणमंतरावांच्या मांडीत पडली.

मांडवात जेवढी माणसं तेवढे मोबाईल. अर्ध्या तासात 'मुखेडजवळ लढाऊ विमान कोसळलं' ही बातमी नांदेडहून लातूरला जाऊन परत मुखेडला आली. खुद्द वाढपीच पळी टाकून विमान बघायला बाहेर पळाले. पाठोपाठ अँब्युलन्स आली, आणि तिच्या मागं फौजदार.

"विमान कुणाचं?"

"साहेब, इमान न्हाई, नवरदेव हाय त्यो," पंचफुलाबाई म्हणाली.

फौजदारांनी टोपी काढून घाम पुसला. "जखमी किती?"

"एकच. नवरदेवाचा कान मोडला."

लढाई चालू असताना अफवा उठवली म्हणून विमान जप्त झालं. शिपाई ते टेम्पोत चढवू लागले, तशी बबिताची आई सिंधुबाई रडत धावली. "साहेब, मंगळसूत्र राह्यलं हो घालायचं!"

"ठाण्यात येऊन घाला," फौजदार म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी लढाई थांबली. तुकडीला सुट्ट्या मिळाल्या. सगळे घरी निघाले; शिवशंकर बॅग भरत असतानाच त्याला बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलावर मांडवात मोबाईलवर काढलेली चित्रफीत चालू होती, आणि शेपटीवरचा आकडा ठळक दिसत होता.

"हा आकडा बाहेर कुणाला सांगितलास?"

"बायकोला, साहेब."

साहेबांनी नोंद बघितली. "तू तर अविवाहित आहेस."

"रविवारी लगीन झालं, साहेब."

"रविवारी तू इथं ड्यूटीवर होतास."

"हाव, साहेब. माझ्या जागी विमान होतं."

साहेबांनी हे सगळं लिहून दे म्हणून सांगितलं. शिवशंकरनं हळदीपासून कानपिळीपर्यंत जसं ऐकलं तसं इमानदारीनं लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, आणि सुट्टी रद्द करून त्याला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरचा निकाल येईपर्यंत अशा माणसाला परदेशी विमानाजवळ फिरकू देता येत नाही, म्हणून त्याची रवानगी भटारखान्यात झाली. तिथं तो बटाटे सोलतो.

तर झालेला जमाखर्च असा. सरकारचं विमान एकही पडलं नाही. थर्माकोलवाल्याला येत्या गणपतीची पाच विमानांची मागणी आली. हणमंतराव भगवानरावांच्याच दारात जेवले, तेही पहिल्या पाटावर, आणि उठताना "आमचे तलाठीसाहेब" म्हणाले. भगवानराव आता चार माणसांत जावयाचा विषय निघाला की पावसाचं बोलतात. शिवशंकरची नोकरी राहिली, विमान गेलं.

उरली बबिता. अक्षता पडल्या म्हणजे लग्न झालं, असं पंचफुलाबाई म्हणते. मंगळसूत्र नाही म्हणजे झालं नाही, असं देवणीचे व्याही म्हणतात. सासरी धाडता येत नाही आणि दुसरं स्थळ बघता येत नाही. दोन्ही घरांचा सगळा हिशेब तिच्या एकटीच्या नावावर पडला, आणि तिला मात्र ह्यात कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारला होता, तो फक्त शेपटीवरचा आकडा.